सहा अणूंचा हिशेब

२००९ सालच्या मध्यास शिशाच्या पाच पेट्यांनी न्यूयॉर्क आणि मॉस्को यांच्या दरम्यान अटलांटिक महासागर पाच वेळा ओलांडला. पेट्यांतील माल सारा मिळून २२ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाच्या वजनाहूनही कमी. कागदपत्रांत उणिवा आहेत असे सांगून रशियाच्या सीमाशुल्क खात्याने हा माल दोन वेळा परत धाडला. कचेरीच्या कारभाराशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु हा माल गोदामात पडून राहण्याजोगा नव्हता. ते होते बर्केलियम-२४९ हे किरणोत्सर्गी द्रव्य. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३३० दिवसांचे. म्हणजे दर ३३० दिवसांत त्यातला निम्मा भाग आपोआप दुसऱ्याच मूलद्रव्यात रूपांतरित होतो. फाईल टेबलावर रेंगाळावी आणि तेवढ्यात फायलीतला ऐवजच आटत जावा, असा हा प्रकार होता.

हे बर्केलियम अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ओक रिज येथील अणुभट्टीत सुमारे २५० दिवस न्यूट्रॉनांचा मारा करून तयार झाले होते. ते निवू देण्यात आणि अन्य द्रव्यांपासून वेगळे काढण्यात पुढे आणखी कित्येक महिने गेले. रशियात पोचल्यावर त्याचा पातळ थर तयार करण्यात आला आणि मॉस्कोजवळच्या डुबना येथील संयुक्त अणुसंशोधन संस्थेत त्यावर कॅल्शियमच्या अणुकेंद्रांचा झोत सुमारे १५० दिवस सोडण्यात आला. एवढ्या खटाटोपाच्या अखेरीस हाती आले सहा अणू. तेही सेकंदाचा अल्पांश टिकून नाहीसे झाले. ११७ व्या मूलद्रव्याचा, पुढे ज्याला टेनेसीन हे नाव मिळाले त्याचा, हा जन्मवृत्तांत होय.

व्यवहारी मनुष्याला हे ऐकून हसू येईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. ज्या द्रव्याचा दागिना घडत नाही, औषध होत नाही, ज्याचा कण कोणाच्या दृष्टीस पडत नाही, त्यासाठी दोन देशांच्या सार्वजनिक तिजोरीतून पैसा का जावा? या प्रश्नाला विज्ञानप्रेमी मंडळी सहसा दोन ठरीव उत्तरे देतात. ज्ञान हे स्वयंभू मूल्य आहे, हे एक. आज ना उद्या यातून काही उपयोगी निघेलच, हे दुसरे. पहिले उत्तर उदात्त आहे, पण अंदाजपत्रक मांडणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. दुसरे उत्तर अर्धे खरे आहे. तिसरे एक उत्तर आहे आणि ते या दोहोंहून भक्कम आहे. या प्रयोगशाळांतून निघणारा खरा माल अणू हा नव्हेच. आपण जे केले असे म्हणतो ते खरोखरच केले आहे, हे परक्याला, किंबहुना प्रतिस्पर्ध्यालाही मान्य होईल अशा रीतीने सिद्ध करण्याची शिस्त, हा तो माल होय.

निर्मिती आणि ओळख

मूलद्रव्य कोणते हे अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन कमी-अधिक, असे जे भाऊबंद असतात त्यांना समस्थानिक म्हणतात. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत आणि त्यांचे तीन हजारांहून अधिक समस्थानिक नोंदले गेले आहेत. सैद्धांतिक अंदाज सुमारे सात हजारांचा आहे. निसर्गात लक्षणीय प्रमाणात सापडणाऱ्या मूलद्रव्यांची यादी ९२ प्रोटॉनांच्या युरेनियमपाशी संपते. त्यापलीकडचे जे जे आहे ते मनुष्याला करावे लागते.

करण्याची रीत सांगायला सोपी आहे. कॅल्शियमचे २० प्रोटॉन आणि बर्केलियमचे ९७, मिळून ११७. प्रत्यक्षात मात्र दोन्ही अणुकेंद्रे धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. त्यांना एकत्र आणण्याइतका वेग द्यावा, तर जुळलेले अणुकेंद्र उष्णतेने फुटून जाते. त्यामुळे अब्जावधी टकरींतून एखादीच फळाला येते. त्यातही वापरावे लागते ते कॅल्शियम-४८. निसर्गातील कॅल्शियमच्या दर हजार अणूंत याचे अणू जेमतेम दोन. ते निवडून काढणे अत्यंत खर्चाचे काम आहे.

तथापि निर्मिती हा या उद्योगाचा सोपा भाग म्हणावा लागेल. अवघड भाग पुढचा. निमिषार्धात लयाला गेलेला एकच अणू. तो नेमका कोणता होता हे सांगायचे कसे? त्याला तराजूत घालता येत नाही, परीक्षानळीत धरता येत नाही. येथे शास्त्रज्ञ जी युक्ती योजतात ती तलाठ्याच्या दप्तराशी परिचय असणाऱ्या वाचकाला चटकन उमगेल. मूळ पुरुष हयात नाही. मग वारसांवरून त्याची ओळख पटवायची. जड अणुकेंद्र बहुधा अल्फा कण बाहेर टाकते आणि प्रत्येक वेळी दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन गमावते. मग ११७ चे ११५ होते, ११५ चे ११३, असे पिढी दर पिढी उतरत जाते. सिलिकॉनच्या शोधकपट्टीवर एकाच ठिकाणी, ठराविक काळाच्या अंतराने, ठराविक ऊर्जेचे अल्फा कण उमटले की वंशावळ तयार होते. वंशावळीतील शेवटचा वारस जर पूर्वीपासून परिचित असलेला समस्थानिक असेल, तर त्याच्यावरून मागे मोजत मूळ पुरुष निश्चित करता येतो. तो परिचित नसेल, तर मात्र साखळी अधांतरी लोंबत राहते आणि दाव्याला अन्य पुरावे शोधावे लागतात.

अणू थोडे, म्हणून पुरावा थोडा चालेल, ही सवलत या क्षेत्रात मिळत नाही. १९५५ साली बर्कलीत आल्बर्ट गियोर्सो, ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ वे मूलद्रव्य तयार केले तेव्हा त्यांच्याजवळ आइन्स्टाइनियमचे अवघे अब्जभर अणू होते. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके कमी. मोजणीयंत्राला आगीची घंटा जोडून ठेवली होती. अणू फुटला की घंटा वाजे. सर्व प्रयोग मिळून सतरा अणू मोजले गेले. परंतु त्यांचा दावा घंटेवर उभा नव्हता. हे अणू रासायनिक स्तंभातून नेमके कोणत्या क्रमाने बाहेर पडतील याचे भाकीत आधी करून ठेवले होते आणि ते त्याच क्रमाने बाहेर पडले, यावर तो उभा होता. आज ओळख पटविण्याची साधने अधिक सूक्ष्म झाली आहेत. २०२३ साली जपानमध्ये युरेनियम-२४१ हा नवा समस्थानिक नोंदला गेला तो त्याचे वस्तुमान प्रत्यक्ष मोजून. न्यूट्रॉनांनी समृद्ध असा युरेनियमचा नवा समस्थानिक १९७९ नंतर प्रथमच सापडला होता.

थोरांची चूक

ओळख पटविण्यात कसूर झाली म्हणजे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण या क्षेत्राच्या आरंभीच घडून गेले आहे. १९३४ साली रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला. त्यातून काही अनोळखी किरणोत्सर्ग मिळाले. युरेनियमच्या लगतच्या मूलद्रव्यांपैकी कोणाशीही ते जुळत नव्हते. यास्तव ही युरेनियमपलीकडची नवी मूलद्रव्ये असावीत असा निष्कर्ष निघाला. त्यांना ऑसोनियम आणि हेस्पेरियम अशी नावेही देण्यात आली.

त्याच वर्षी जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ इडा नोडाक यांनी एक साधा आक्षेप नोंदविला. लगतची मूलद्रव्ये वगळून भागणार नाही, आवर्तसारणीतील सर्वच ज्ञात मूलद्रव्ये वगळली पाहिजेत. कारण अणुकेंद्र फुटून त्याचे मोठाले तुकडे झाले असणेही शक्य आहे. हा आक्षेप कोणी मनावर घेतला नाही. याला एक कारण असे की, नोडाक यांची शास्त्रज्ञांतील पत उतरलेली होती. १९२५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ऱ्हेनियम हे ७५ वे मूलद्रव्य शोधले होते, ते खरे ठरले. पण त्याच वेळी ४३ वे मूलद्रव्यही सापडल्याचा त्यांचा दावा कोणालाच पडताळता आला नव्हता. पतपेढीत एक हप्ता चुकला की पुढच्या अर्जाकडे संशयाने पाहिले जाते, तसे त्यांचे झाले. अर्ज मात्र या खेपेस खरा होता.

पुढे १९३८ च्या डिसेंबरात ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना बर्लिनमध्ये युरेनियमच्या अवशेषांत बेरियम सापडले. बेरियमचा अणुक्रमांक ५६. म्हणजे युरेनियमचे अणुकेंद्र दुभंगले होते. देशत्याग करून स्वीडनमध्ये राहिलेल्या लिझे माइटनर आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ उलगडला. ज्या महिन्यात बेरियम हाती लागले, त्याच महिन्यात फर्मींना नोबेल पारितोषिक दिले जात होते आणि गौरवपत्रात नव्या मूलद्रव्यांचा उल्लेख होता. छापील भाषणाला तळटीप जोडून फर्मींना ही दुरुस्ती नोंदवावी लागली. फर्मी हे त्यांच्या काळातील थोर शास्त्रज्ञांपैकी एक, यात शंका नाही. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे. येथे कोणी कोणाला फसविले नव्हते. अपेक्षित तेच दिसले, म्हणून अनपेक्षित तपासले गेले नाही, एवढेच. मानवजातीचे भवितव्य बदलणारी घटना चार वर्षे शास्त्रज्ञांच्या टेबलावर पडून होती आणि तिच्यावर नाव दुसरेच लिहिलेले होते.

रोकडवही लिहिणारा आणि तपासणारा

अनवधानाने होणारी चूक आणि जाणूनबुजून केलेली लबाडी यांत नैतिकदृष्ट्या मोठे अंतर आहे. पण दोहोंना वाव मिळतो तो एकाच वाटेने. १९९९ साली बर्कलीच्या प्रयोगशाळेने जाहीर केले की, शिशावर क्रिप्टॉनचा मारा करून ११८ व्या मूलद्रव्याचे तीन अणू मिळाले. शिशाचे ८२ आणि क्रिप्टॉनचे ३६ प्रोटॉन. बेरीज बरोबर होती. असे होईल असे भाकीत एका सैद्धांतिक गणिताने आधीच केलेले असल्यामुळे जो तो ते ऐकायला उत्सुक होता.

जर्मनी, फ्रान्स आणि जपान येथील प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला. कोणालाच एकही अणू दिसला नाही. स्वतः बर्कलीलाही २००० साली तो पुन्हा दिसला नाही. अखेर मूळ नोंदी उघडून पाहण्यात आल्या, तेव्हा ज्या वंशावळी प्रसिद्ध झाल्या होत्या त्यांचा मागमूस त्या नोंदींत नव्हता. २००१ साली दावा मागे घेण्यात आला. मूळ नोंदींतून निष्कर्ष काढण्याचे काम ज्या एका शास्त्रज्ञाकडे होते, त्याने आकडे बनवले असा चौकशी समितीचा निर्णय झाला आणि त्याला २००२ साली नोकरीतून काढण्यात आले. त्याने हा आरोप नाकारला. तो पूर्वी जर्मनीत डार्मश्टाट येथील प्रयोगशाळेत होता; तेथील जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा १९९० नंतरच्या दशकातील दोन वंशावळीही निराधार निघाल्या. सुदैवाने तेथील मूलद्रव्यांचे दावे अन्य खऱ्या वंशावळींवर टिकून राहिले.

लेखाशाखेतील कोणताही अनुभवी कारकून येथे एकच प्रश्न विचारील. रोकडवही लिहिणारा आणि ती तपासणारा एकच कसा? अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी त्या निबंधाखाली आपली नावे घातली होती. मूळ नोंदी मात्र त्यांच्यापैकी दुसऱ्या कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या. सहकारी पतसंस्थांपासून मोठ्या बँकांपर्यंत आपल्याकडे जे घोटाळे झाले, त्यांच्या मुळाशीही बहुधा हेच आढळते. सह्या पुष्कळ, तपासणी कोणाचीच नाही. फरक इतकाच की, अणुसंशोधनाच्या क्षेत्रात बाहेरच्या मंडळींनी तोच प्रयोग करून पाहिला आणि दोन वर्षांत खोट उघडी पडली. ही खोट उघडी पाडण्यात जो यंत्रकाल, जे वेतन, जी वीज खर्ची पडली, तिला कोणी वाया गेलेला खर्च म्हणेल. वस्तुतः त्या साऱ्या प्रकरणातील सार्थकी लागलेला खर्च तेवढाच होता.

नऊ वर्षे, तीन अणू

याच्या उलट बाजूचे चित्रही पाहण्यासारखे आहे. जपानच्या रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटाने बिस्मथवर जस्ताचा मारा सुरू केला. ८३ आणि ३० मिळून ११३. पहिला अणू २००४ च्या जुलैमध्ये दिसला, दुसरा २००५ च्या एप्रिलमध्ये. दोन अणू पदरात पडल्यावर कोणीही अधीर झाला असता. परंतु या दोन वंशावळी ज्या टप्प्यावर संपत होत्या, तेथील पुरावा परीक्षक मंडळाला पुरेसा वाटला नाही. तेव्हा मोरितांच्या गटाने दोन गोष्टी केल्या. वंशावळीच्या मधल्या पिढीतील बोहरियम-२६६ हा समस्थानिक क्युरियमवर सोडियमचा मारा करून स्वतंत्रपणे तयार केला आणि त्याच्या क्षयाची रीत निश्चित केली. आणि मूळ प्रयोग तसाच चालू ठेवला. तिसरा अणू दिसला तो २०१२ च्या ऑगस्टमध्ये. या खेपेस साखळी सहा अल्फा कण टाकीत पूर्वपरिचित समस्थानिकांपर्यंत उतरली. २०१५ च्या अखेरीस मान्यता मिळाली. २०१६ साली निहोनियम हे नाव पक्के झाले. आशियातील देशाच्या नावे आवर्तसारणीत झालेली ही पहिली नोंद होय.

या चिकाटीमागे एक जुनी जखम होती. १९०८ साली मासाताका ओगावा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ४३ वे मूलद्रव्य शोधल्याचे जाहीर करून त्याला निप्पोनियम असे नाव दिले होते. दावा टिकला नाही आणि नाव कायमचे बाद झाले. पुढे असे दिसून आले की, ओगावांच्या हाती बहुधा खरोखरच नवे मूलद्रव्य आले होते, पण ते ४३ वे नव्हते. ते होते ७५ वे, म्हणजेच ज्याचा शोध सतरा वर्षांनी इडा नोडाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नावे लागला ते ऱ्हेनियम. वस्तू हाती होती, ओळख चुकली, म्हणून मान गेला. ज्या देशाने हा धडा एकदा गिरवला, त्याने पुढच्या वेळी दोन अणूंवर समाधान मानले नाही आणि तिसऱ्यासाठी सात वर्षे वाट पाहिली. निकालाची घाई नसलेला पैसा मोरितांच्या मागे उभा राहिला, हेही येथे नमूद केले पाहिजे. वार्षिक प्रगतिअहवालात "यंदा एकही अणू नाही" असे लिहिणाऱ्या प्राध्यापकाला आपल्याकडील किती संस्थांनी सात वर्षे पोसले असते, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारण्याजोगा आहे.

उपयोगाचा युक्तिवाद

उपयोगाचा मुद्दा सर्वस्वी निरर्थक आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिसियम-२४१ हा कृत्रिम समस्थानिक जगभर धूरसूचक यंत्रांत बसवला गेला. कॅलिफोर्नियम-२५२ न्यूट्रॉनांचा चिमुकला झरा म्हणून तेलविहिरींच्या तपासणीपासून सिमेंटच्या कच्च्या मालाच्या पृथक्करणापर्यंत वापरतात. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर याने सूर्यप्रकाश पोचेनासा झाल्यावरही बोलती राहिली ती प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर. कर्करोगावरील नव्या उपचारांत ज्याची मागणी वाढते आहे तो अॅक्टिनियम-२२५ याच कुळातला.

परंतु प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, ही उपयोगी मंडळी कॅलिफोर्नियमच्या, म्हणजे ९८ व्या घरापाशी थांबतात. त्यापुढील एकाही मूलद्रव्याचा संशोधनाबाहेर उपयोग झालेला नाही, आणि क्षणार्धात नाहीशा होणाऱ्या टेनेसीनचा व्हावा असे दिसत नाही. ज्यांना उपयोगाच्या आशेवर हा खर्च मंजूर करून हवा आहे ते आवळा दाखवून कोहळा मागत आहेत, असे टीकाकाराने म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण जाईल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक बोलके आहे ते प्लुटोनियम-२३८ चे पुढचे प्रकरण. अमेरिकेने १९८८ साली त्याची निर्मिती थांबवली. साठा आहे, मग कारखाना कशाला, हा विचार. साठा आटत गेला; काही काळ रशियाकडून खरेदी करावी लागली; आणि पुन्हा स्वतः करायचे ठरले तेव्हा पहिले ५० ग्रॅम हाती यायला २०१५ उजाडले. साठा आणि प्रवाह यांतील भेद अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षीच शिकवला जातो. ज्ञानाच्या बाबतीत हा भेद विसरला की त्याची किंमत अशी द्यावी लागते. द्रव्य पेटीत जपून ठेवता येते. कसब पेटीत ठेवता येत नाही. ते चालू ठेवावे लागते.

प्रतिस्पर्धी हेच तपासनीस

शीतयुद्धाच्या काळात १०४ व्या मूलद्रव्याला सोव्हिएत रशिया कुर्चाटोव्हियम म्हणे आणि अमेरिका रुदरफोर्डियम. एकाच मूलद्रव्याची दोन नावे घेऊन आवर्तसारण्या छापल्या जात. डुबना आणि बर्कली एकमेकांना पाण्यात पाहत. हा वाद मिटविण्यासाठी रसायन आणि भौतिकी यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९८५ साली संयुक्त मंडळ नेमले, शोध मान्य करण्याचे निकष लेखी ठरविले आणि १९९७ साली नावे कायम झाली. त्या भांडणाला आज लोक हसतात. पण त्यातून एक मोलाची गोष्ट निष्पन्न झाली. बर्कलीचा प्रत्येक दावा खोडून काढण्यास डुबना टपलेली असे आणि डुबनाचा खोडून काढण्यास बर्कली. इतका कसून तपासणारा लेखापरीक्षक पैसे मोजूनही मिळाला नसता.

शीतयुद्ध संपल्यावर हे वैरी सहकारी झाले. अमेरिकेची अणुभट्टी बर्केलियम पिकवी, रशियाचे सायक्लोट्रॉन त्यावर झोत सोडी. टेनेसीनचे सहा अणू हे त्या सहकाराचे फळ. त्यांच्या वंशावळी परिचित समस्थानिकापर्यंत पोचत नव्हत्या. म्हणून त्रयस्थाने पडताळणी करणे अगत्याचे होते. ती २०१४ साली डार्मश्टाटच्या प्रयोगशाळेने केली. तीत अकरा देशांतील शास्त्रज्ञ होते आणि भारताचेही होते. पुन्हा ओक रिजचे बर्केलियम, पुन्हा कॅल्शियमचा झोत. दोन अणू दिसले. शिवाय वंशावळीच्या शेवटाशी लॉरेन्सियम-२६६ हा नवाच समस्थानिक सापडला. त्याचे अर्धायुष्य तासांत मोजण्याइतके, सुमारे अकरा तासांचे, निघाले. पडताळणीला दुय्यम काम समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्याचा हिशेब तपासायला बसलेल्यांच्या पदरात स्वतःचा शोध पडला.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर अमेरिकी प्रयोगशाळा आणि डुबना यांचे सहकार्य थांबले. आता दोन्हीकडे काम चालू आहे, पण भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे. डुबना येथे या कामासाठी खास उभारलेले नवे सायक्लोट्रॉन आहे आणि तेथून नव्या समस्थानिकांची वृत्ते येत आहेत. बर्कलीने २०२४ साली प्लुटोनियमवर टायटॅनियमचा मारा करून ११६ व्या मूलद्रव्याचे दोन अणू २२ दिवसांत मिळवले आणि १२० व्याकडे दृष्टी लावली आहे. चीनमधील लांचौ येथे २०२१ साली युरेनियम-२१४ हा आजवरचा सर्वांत हलका युरेनियम नोंदला गेला. स्पर्धा वाढली, हे चांगलेच. चिंतेची बाब वेगळी आहे. एकमेकांचे द्रव्य मिळत नाही, एकमेकांच्या यंत्रांपाशी जाता येत नाही, अशा स्थितीत उद्या १२० व्या मूलद्रव्याचा एखादा अणू दिसल्याचे जाहीर झाले, तर त्याचा कस कोण लावणार? सोनार आणि पारखी एकच झाले की गिऱ्हाइकाने काय करायचे?

भारताचे स्थान

येथे भारतापुढील प्रश्न उपस्थित होतो. आवर्तसारणीत भारताच्या नावे एकही मूलद्रव्य नाही, ही खंत भाषणांतून अधूनमधून ऐकू येते. त्या खंतीपोटी नावाच्या शर्यतीत उडी घेणे शहाणपणाचे ठरणार नाही. तीव्र झोत महिनोन्महिने अखंड चालविणारी यंत्रे आणि बर्केलियम-कॅलिफोर्नियम पिकविणाऱ्या भट्ट्या हा फार मोठा पसारा आहे. ज्या देशातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत साधी मोजणीयंत्रे दुरुस्तीअभावी पडून असतात, त्याने पाटीवर नाव लागावे म्हणून तो मांडू नये.

परंतु हात बांधून बसण्याचेही कारण नाही. कोलकात्याला १९७७ पासून सायक्लोट्रॉन आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन त्वरक चालतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात जड अणुकेंद्रे झोतातून वेगळी काढणारे वायुपूरित विभाजकयंत्र आहे आणि तेथे विद्यापीठांतील संशोधक येऊन काम करू शकतात. शिवाय थोरियमचा मोठा साठा आणि त्यापासून युरेनियम-२३३ करण्याचा अनुभव भारतापाशी आहे. कल्पाक्कमची कामिनी ही भट्टी याच इंधनावर चालते. युरेनियम-२३३ जसजसे जुने होते तसतसे त्यात थोरियम-२२९ साचते, आणि त्यातून कर्करोगाच्या उपचाराला लागणारा अॅक्टिनियम-२२५ मिळतो. या दिशेने पाहणे हे नावाच्या हव्यासाहून हिताचे आहे.

याहून महत्त्वाची आहे ती भूमिका. रशिया आणि पाश्चात्त्य देश या दोहोंशीही बोलचाल राखून असलेले देश आज थोडे आहेत. भारत त्यांपैकी एक. मोजमापाची उत्तम यंत्रे, मूळ नोंदींचे खुले जतन, आणि दुसऱ्याचा प्रयोग निष्ठेने पुन्हा करून पाहणारे संशोधक, एवढी सामग्री सिद्ध ठेवली तर विश्वासू पारख्याची जागा भारताला मिळू शकेल. त्यासाठी आपल्या विद्यापीठांना एक सवय मात्र मोडावी लागेल. जुना निष्कर्ष पडताळून पाहणाऱ्या प्रबंधाला "यात नवीन काय?" असे विचारून परत पाठवण्याची सवय. निष्कर्ष खरा ठरला तर त्याची पत वाढली, खोटा ठरला तर समाजाचे नुकसान टळले. दोन्ही परी नवीन काही घडलेच.

सार्वजनिक पैशातून सहा अणू विकत घेतले, असा या व्यवहाराचा हिशेब मांडला तर तो आतबट्ट्याचाच दिसेल. ते अणू त्याच क्षणी नाहीसे झाले. मागे उरली ती त्यांची नोंद, जी परक्या देशातील परक्या माणसांनी, परक्या यंत्रांवर, अविश्वासाने तपासून मग मान्य केली. ज्या समाजात पीकपाण्याच्या आणेवारीपासून परीक्षांच्या निकालापर्यंत प्रत्येक आकड्याभोवती संशय घोटाळत असतो, तेथे अशी नोंद कशी तयार होते हे शिकण्याची गरज अणुशास्त्रज्ञांपुरती मर्यादित नाही. विज्ञानाच्या अंदाजपत्रकावर सही करणाऱ्यांनी म्हणूनच पहिला प्रश्न "नवीन काय केले?" असा न विचारता "ते कोणी तपासले?" असा विचारावा. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले, तर सहा अणूंची किंमत जास्त झाली असे म्हणता येणार नाही.